न्हाणीघर सजवा, पण सांडपाण्याचं काय?

२०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. तेव्हापासून अनेक गावांत घरात नळ आला आणि जुन्या मोरीच्या जागी टाईल्सची न्हाणी दिसू लागली. चांगली गोष्ट आहे. पण हिशेब बघा. योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे, म्हणजे पाच माणसांच्या घरात २७५ लिटर. यातले बहुतेक सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते रस्त्यावर सोडले की चिखल, डास आणि शेजाऱ्याशी भांडण ठरलेलेच.

म्हणून शेतकरी बंधूंनो, गवंड्याला आधी उतार विचारा, रंग मागून. भिंतीला चकचकीत टाईल लावा, पण खाली फरशी खडबडीतच हवी. साबणाच्या पाण्यावरून म्हातारं माणूस घसरलं तर खुबा मोडतो. बाहेर शोषखड्डा घ्या, विहीर-हातपंपापासून लांब. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही; तिथे ते परसातल्या केळी-अळूला द्या. संडासाच्या खड्ड्यात मात्र सोडू नका.

स्वच्छ भारत मिशनच्या २०२० च्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याचे कामही धरले गेले. ग्रामपंचायतींनी नवी न्हाणी बांधणाऱ्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवावी आणि शोषखड्डे गावाच्या आराखड्यात घालावेत.