मुलांचीं चित्रें कपाटांतून भिंतीवर आणा

कष्टकरी बंधुभगिनींनो, तुमच्या मुलानें शाळेंत काढलेलें चित्र पुढें कोठें जातें, हें कधीं विचारलें आहे काय? मास्तर कोपऱ्यांत आंकडा टाकतो, गठ्ठा कपाटावर चढतो आणि वर्ष सरलें कीं रद्दीवाल्याच्या तागडींत उतरतो. खेड्यांत हेंच, मुंबईंतहि हेंच.

गांवची शेती पुरेना म्हणून पोटामागें गेलेलीं आपलींच माणसें आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें राहतात. त्यांच्या आठवी ते दहावीच्या मुलांचीं चित्रें सार्वजनिक कलादालनांत, चार लोकांना दिसतील अशीं मांडलीं गेलीं पाहिजेत, असें माझें म्हणणें आहे.

"पोरांच्या चित्रांना एवढा मान कशाला?" असें कोणी विचारील. त्यानें बोरीबंदरचें स्टेशन डोळे उघडून पाहावें. १८७८ सालीं बांधावयास घेतलेल्या त्या इमारतीवरचें पुष्कळसें कोरीव काम, सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें १८५७ सालीं निघालेल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचें आहे. तीं हायस्कुलाचीं मुलें नव्हत, हें खरें. पण शिकाऊ हातांचें काम म्हणून तें कोणीं दडवून ठेवलें नाहीं. मुलुंड-घाटकोपरचीं माणसें रोज त्याच्याखालून जातात.

दुसरा दाखला जिव्या सोमा मशे यांचा. डहाणू तालुक्यांतला हा वारली गडी. घराच्या कुडावर काढायचीं चित्रें त्यांनीं कागदावर आणलीं, १९७० नंतरच्या दशकांत तीं मुंबईच्या दालनांत लागलीं आणि २०११ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. हात तोच होता. बघणाऱ्यांची नजर बदलली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत आजहि वारल्यांचे पाडे आहेत. त्या पाड्यांतल्या मुलाची वही कोण उघडून पाहतो?

जहांगीर कलादालन काळ्या घोड्याजवळ १९५२ सालीं उघडलें. पण बोरिवली ते चर्चगेट हेंच अंतर सुमारें ३४ किलोमीटर. रोज बुडवून आईबापांनीं तेथें जावें कसें? उपनगरें १९५० आणि १९५७ सालीं मुंबई महापालिकेंत आलीं. कर तींहि भरतात. बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे, मुलुंडला कालिदास नाट्यगृह आहे. नाटकाला रंगमंच देतां येतो, तर वर्षांतून एक आठवडा मुलांच्या चित्रांना तेथलीच एक भिंत कां देऊं नये? त्यांतून निवडलेलीं चित्रें मग खुशाल काळ्या घोड्याला जावींत.

"चित्रानें पोट भरतें काय?" ही शंका खोटी नाहीं. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुलें ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेला बसतात आणि गुण पदरांत पडले कीं ब्रश खालीं ठेवतात. पण कुंभार, सुतार, शिंपी, सोनार यांना सांगावयास नको कीं माप डोळ्यांत बसल्यावांचून हात चालत नाहीं. चित्रकला तीच विद्या शिकविते. आणि तिचा मास्तर कोठें आहे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत सहावी ते आठवीसाठीं कलाशिक्षकाची तरतूद आहे ती शंभरावर मुलें असतील तेथें, आणि तीहि अर्धवेळ. जें काम कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, त्याच्या मास्तराची गरज कोणास वाटणार? भिंतीवर चित्रें लागलीं म्हणजे कोणत्या शाळेंत शिकवितात आणि कोणत्या शाळेंत नुसती वही भरतात, हें आईबापांस एका नजरेंत कळेल.

मात्र प्रदर्शन नांवाचें नको. मास्तरानें हात फिरविलेलें चित्र लावूं नये. महागड्या रंगांच्या पेटीला मान देऊं नये. गेरू, कोळसा, पेन्सिल यांचें चित्रहि तितक्याच आदरानें लागावें. खालीं मुलाचें व शाळेचें नांव ठळक लिहावें. दालन रविवारीं व रात्रीं नऊपर्यंत उघडें ठेवावें, म्हणजे कामावरून सुटलेला बाप येऊं शकेल. शेवटीं चित्र मुलाला परत मिळावें.

उपनगरांतल्या बंधूंनो, येत्या पालकसभेंत हें विचारा. दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांस द्या आणि त्याची एक प्रत महापालिकेच्या वॉर्ड कचेरींत द्या. आणि तोंवर एवढें तरी करा, आज रात्रीं मुलाची चित्रकलेची वही मागून घ्या आणि पानें उलटून पाहा.