मालाची गाडी आणि गाण्याची हौस

आमच्या मावळांत पिकअप गाडी आतां बैलजोडीइतकीच घरची झाली आहे. इंद्रायणी भाताचीं पोतीं, चाकणच्या बाजाराचा कांदा-बटाटा, रातोरात वाशीस पोंचवावयाचा भाजीपाला, सर्व तिच्याच पाठीवर जातें. अशा गाड्यांत नादयंत्रें बसविण्याचा जो छंद सुदुंबऱ्याच्या बाजूस वाढतांना आम्ही पाहतों, त्याविषयीं कृषिबंधूंशीं थोडें बोलावयाचें आहे.

गाडी दारांत उभी राहून आठवडा होत नाहीं तोंच चिरंजीवांची मागणी येते. मूळचा स्पीकर पुरत नाहीं. दारांत मोठे स्पीकर, आसनामागें सबवूफर आणि त्यांस चालविणारा अँप्लिफायर हवा. गाण्याशीं आमचें वैर नाहीं. पहांटे बोरघाट उतरणाऱ्या मनुष्यास एखादा अभंग किंवा लावणी ऐकावीशी वाटली, तर त्यांत वावगें काय? आम्हीही बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा बांधीत होतों, त्या कांहीं बैलांनीं मागितल्या म्हणून नव्हे.

परंतु महसूल खात्यांत कारकुनी करून केस पांढरे केलेल्या माणसास हिशेब मांडल्यावांचून राहवत नाहीं. गाडीची विद्युत् १२ व्होल्टची. खरोखर १,००० वॅट ओढणाऱ्या यंत्रास सुमारें ८३ अँपियर प्रवाह लागतो. हा प्रवाह इंजिनावरील आल्टर्नेटरनें पुरवावयाचा. आणि इंजिन मंद चालत असतां त्याचें उत्पन्न घटतें. तूट बॅटरींतून जाते. खोक्यावर छापलेले वॅट तर बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचे असतात, दुकानदारास आर.एम.एस. वॅट, म्हणजे यंत्र सतत किती शक्ति देईल, तें विचारावें. शिवाय शक्ति दुप्पट केली तरी आवाज केवळ ३ डेसिबलनें वाढतो. कानास तो दुप्पट वाटावा तर सुमारें १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति पाहिजे. त्यापेक्षां चांगले स्पीकर घेऊन दाराच्या खडखडणाऱ्या पत्र्यास आंतून अस्तर लावल्यास थोड्या पैशांत स्वच्छ गाणें ऐकूं येतें.

आमच्या पुतण्यानें हें ऐकिलें नाहीं. एका कारागिरानें बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत बारीक तार ओढून दिली आणि फ्यूज घातलाच नाहीं. पत्र्याच्या भोंकांत घांसून तारेचें आवरण फाटलें, आणि खालापुराजवळ मध्यरात्रीं गाडींत धूर झाला. माणूस वांचला, ही देवाची कृपा. गाडींत कोथिंबीर होती. दुसरी गाडी मिळेपर्यंत उजाडलें, जुड्या पिंवळ्या पडल्या, आणि जें मोल आलें त्यांत दुसऱ्या गाडीचें भाडेंही सुटलें नाहीं. जाड तांब्याची तार, पत्र्यांतून जातांना रबरी कडें आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंत फ्यूज, एवढें असतें तर हें टळतें.

याहून मोठें प्रकरण हौद्यांत डीजे उभारण्याचें. लग्नसराईंत त्यास भाडें चांगलें मिळतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण चैत्र-वैशाखांत लग्नें, आणि उन्हाळी कांदा निघतो तोही त्याच सुमारास. स्वतःची गाडी मिरवणुकींत नाचवावयाची आणि कांद्यास परक्याची गाडी भाड्यानें आणावयाची, ही कोणती शेती? कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे, आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सरकारनें सवलत दिलेले मोजके दिवस काय ते अपवाद. ज्या गांवीं संताजी जगनाडे महाराजांची समाधि आहे, तेथील टाळमृदंग विजेवांचून आजवर ऐकूं येत आला. तो या भिंतींखालीं बुडावा, हें आम्हांस तरी रुचत नाहीं.

पुतण्यानें आतां दारांतील दोन स्पीकर तेवढे ठेविले आहेत. आवाज इतकाच कीं मागच्या गाडीचा भोंगा ऐकूं यावा. सोसायटीच्या पंचांस आमची एक सूचना आहे. गाडीच्या कर्जाचा अर्ज येईल तेव्हां दरपत्रक नीट वाचावें, आणि नादयंत्राची रक्कम त्यांत मिसळलेली दिसल्यास ती वगळून मगच मंजुरी द्यावी.