फाइव्ह पॉइंट वन बरोबर दोन

आधी एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत मी अजूनही अडकतो. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर आधी मी हसलो आणि मग घाबरलो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. पण विषयच असा आहे की गप्प बसवत नाही.

तर विषय असा. आपल्या सी विंगच्या टीव्ही रूमसाठी वर्गणी चालू आहे. माणशी २०० रुपये, पंचेचाळीस जण, म्हणजे ९,००० रुपये. त्यात ‘फाइव्ह पॉइंट वन’ स्पीकरचा सेट घ्यायचा असं जवळजवळ ठरलंय. मी वर्गणी दिली, पण मत विरोधात दिलं. तेव्हापासून मेसमध्ये मला ‘आजोबा’ म्हणतात. म्हणोत बापडे! पण स्वस्तातला फाइव्ह पॉइंट वन मी स्वतः हट्टाने घरी आणलेला आहे, त्याची फळं सगळ्या घराने चाखली आहेत, आणि म्हणून या बाबतीत बोलायचा मला थोडा तरी हक्क आहे असं वाटतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी बाबांनी एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. २०२१ मध्ये मी दहावीला होतो आणि त्या वर्षी परीक्षाच रद्द झाली. मार्क मात्र चांगले पडले. मी लगेच बक्षीस मागितलं. बाबा म्हणाले, “परीक्षाच झाली नाही तर बक्षीस कसलं?” मी म्हटलं, “मार्क तर पडलेत ना!” आठवडाभर मी तोंड पाडून बसलो. शेवटी आईच म्हणाली, “अहो, घेऊन टाका. मिक्सरचं बघू पुढच्या वर्षी.” आईने नव्या मिक्सरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ५,२०० रुपयांचा स्पीकर सेट घरी आला. जुना मिक्सर झाकण हाताने दाबून धरल्याशिवाय चालत नसे. तो तसाच आणखी दोन वर्षं चालला. आणि तेव्हा मला त्याचं काहीही वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकतो.

खोक्यावर काय नव्हतं! निळे लाइट, रिमोट, एफएम, ब्लूटूथ, आणि मोठ्या अक्षरांत ‘८,००० वॅट पीएमपीओ’. एक मोठा सबवूफर आणि पाच छोटे स्पीकर. पहिल्या रात्री एक मारधाडीचा सिनेमा लावला. शोकेसमधले कप थरथरले. शेजारचे काका चौकशी करून गेले. बाबासुद्धा हसत होते. ती रात्र खरंच मस्त होती, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवसापासून खरी मजा सुरू झाली. फाइव्ह पॉइंट वनमध्ये प्रत्येक स्पीकरची जागा ठरलेली असते. ऐकणारा मधोमध बसला की पुढचे डावे-उजवे त्याच्या समोरच्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर, संवादांचा सेंटर बरोबर समोर आणि मागचे दोन साधारण एकशे दहा अंशांवर, म्हणजे कानाच्या थोडे मागे. हे आंतरराष्ट्रीय शिफारशीत दिलेलं आहे. आता आमचा हॉल बघा. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला देवघर, मागे दिवाण. मागच्या स्पीकरच्या वायरी आईच्या केरसुणीत रोज अडकायच्या. पंधरा दिवसांत मागचे दोन्ही स्पीकर पुढे शोकेसवर आले आणि सेंटर कपाटावर चढला, कारण खाली जागाच नव्हती. म्हणजे सराऊंड साऊंड संपला. उरली एका भिंतीला लावलेली सहा खोकी.

आणि मग आजी. आजीला उतारवयामुळे थोडं कमी ऐकू येतं. तिला कॉम्प्युटरवर कीर्तनं, जुनी नाटकं आणि बालगंधर्वांच्या रेकॉर्ड लावून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी ऐटीत व्हॉल्यूम वाढवून दिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाळा, आवाज खूप आहे रे, पण ऐकायला येत नाही.”

तेव्हा मला ते विनोदी वाटलं. आवाज आहे पण ऐकू येत नाही, म्हणजे काय? मी आणखी व्हॉल्यूम वाढवला. चार-पाच दिवसांनी आजीने “नको, डोकं दुखतं” म्हणून लावायला सांगणंच बंद केलं. ती परत ट्रान्झिस्टरकडे गेली.

आजीच्या वाक्याचा अर्थ मला तीन वर्षांनी, सेकंड इयरला कळला. वय वाढतं तशी आधी वरच्या फ्रिक्वेन्सीची ऐकण्याची शक्ती कमी होते. स्वर खालच्या फ्रिक्वेन्सीत असतात, ते ऐकू येतात. पण स, श, त, क ही व्यंजनं ज्यावर ओळखू येतात तो भाग वर असतो. शब्द समजतो तो बराचसा व्यंजनांवरून. आमच्या सबवूफरची धडधड या वरच्या भागाला झाकून टाकत होती. वर संवाद सांभाळणारा सेंटर कपाटावर छताकडे तोंड करून! म्हणजे मी व्हॉल्यूम वाढवत होतो तेव्हा आजीला न समजणारा भागच जास्त वाढत होता. ती बरोबर बोलत होती आणि मी हसत होतो.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन सेट उघडला. (इंजिनीअरिंगचा एवढा तरी उपयोग व्हावा.) जे सापडलं ते सांगतो.

एक, वॅट. मागच्या पट्टीवर लिहिलं होतं: २३० व्होल्ट, ६० वॅट. म्हणजे भिंतीतून ६० वॅट घ्यायचे आणि ८,००० वॅट बाहेर द्यायचे! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आपण उगाच शिकलो म्हणायचा. साध्या ६ अँपियरच्या पिनमधून २३० गुणिले ६, म्हणजे १,३८० वॅटच्या वर घ्यायचे नसतात. क्लास बी अँप्लिफायरची कार्यक्षमता पुस्तकातसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. मग ६० वॅटमधून अगदी स्वप्नातही ४७ मिळतील. माहितीपत्रकात बारीक अक्षरात खरा आकडा होताच: सबवूफर २० वॅट आणि बाकीचे पाच प्रत्येकी ५ वॅट, आरएमएस. पीएमपीओ हा आकडा मोजायची कुठलीही एक ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे खोक्यावर जागा असेल तेवढी शून्यं मावतात. आणि वॅट दहापट झाले तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हेही लक्षात ठेवा. नुसत्या वॅटवर भुलण्यात तसाही अर्थ नाही.

दोन, पैसे कुठे गेले. ५,२०० रुपयांत ट्रान्सफॉर्मर, अँप्लिफायर, सबवूफरचं लाकडी खोकं, रिमोट, एफएम, लाइट हे सगळं आणि वर पाच स्पीकर. माझ्या अंदाजाने एकेका छोट्या स्पीकरच्या वाट्याला तीन-चारशे रुपयेही आले नसतील. आत तीन इंची कागदी कोन, भोवती पातळ प्लॅस्टिक, आणि कापूस-बिपूस काही नाही. आवाज वाढवला की खोकंच वाजायचं.

तीन, आणि हा सगळ्यात मोठा विनोद. सेटच्या मागे कॉम्प्युटरची वायर लावायला एकच ऑक्स होतं, म्हणजे फक्त डावा आणि उजवा. खऱ्या फाइव्ह पॉइंट वनला कॉम्प्युटरमधून सहा वेगळे सिग्नल लागतात. साध्या वायरींनी जोडायचं तर तीन पिना लागतात: पुढच्या दोघांची, मागच्या दोघांची आणि सेंटर-सबवूफरची. आमच्या सेटला ती सोयच नव्हती. दोनच सिग्नल पाच जणांत वाटून टाकले होते. ब्लूटूथने गाणी लावली तरी तेच, कारण नेहमीचं ब्लूटूथ ऑडिओ स्टिरिओच असतं. तीन वर्षं आम्ही फाइव्ह पॉइंट वन म्हणून जे ऐकत होतो ते टू पॉइंट झीरोची झेरॉक्स होती.

आणि समजा सहा पिनांचा सेट घेतला, तरी ऐकणार काय? आपली एमपी-थ्री गाणी दोन चॅनेलची. यूट्यूबवरचं बहुतेक सगळं दोन चॅनेलचं. क्रिकेटची मॅच बघताना कॉमेंट्री मागून येऊन काय करायची? आजीच्या बालगंधर्वांच्या रेकॉर्ड तर ७८ आरपीएमच्या, मोनो. एकाच चॅनेलला पाच तोंडं!

सराऊंड वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. १९४० मध्ये डिस्नेने ‘फँटासिया’साठी थिएटरमध्ये अनेक स्पीकरांचा प्रयोग केला होता. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर आलं आणि डीटीएस १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’बरोबर. थिएटरच्या पडद्याला बारीक भोकं असतात आणि त्याच्या मागे सेंटर स्पीकर असतो, म्हणून संवाद नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो. पण ते सगळं त्या खोलीसाठी, त्या खर्चात आणि जागा मोजून केलेलं असतं. ज्याच्याकडे वेगळी खोली आहे, बजेट आहे, सहा चॅनेल बाहेर देणारा कॉम्प्युटर आहे, त्याने खुशाल घ्यावं. माझं भांडण ‘स्वस्त’ आणि ‘सहा’ हे दोन शब्द एकत्र येतात तेव्हाचं आहे.

त्याच सुट्टीत मी आणखी एक प्रयोग केला. सबवूफर आणि तीन स्पीकर बंद केले. मित्राकडून दोन जुने लाकडी खोक्यांचे स्पीकर आणले, चार इंची, दिसायला एकदम गरीब. ते आजीच्या कानाच्या उंचीवर, तिच्यापासून एक मीटरवर ठेवले. स्पीकर आधी साधारण दोन मीटरवर होते. अंतर निम्मं केलं की खोलीचा घुमारा सोडून सरळ येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. त्याला ना वॅट लागतात ना पैसे. नाटक लावलं. व्हॉल्यूम आधीच्या निम्मा. पाच मिनिटांनी आजी एका वाक्याला नटाच्या आधी हसली. तिला ते पाठ होतं. मी आईकडे बघितलं तर ती मिक्सर पुसत होती. नवा. स्वतःच्या पैशांनी घेतलेला. मला फारच कसंतरी झालं.

तर आता टीव्ही रूमकडे वळू. आपल्या टीव्ही रूमला फरशी, चार उघड्या भिंती आणि लोखंडी खिडक्या. टाळी वाजवून बघा, कशी घुमते ती. त्यात पाच स्वस्त स्पीकर ठेवले तर कॉमेंट्री पाच वेळा घुमेल. मागचे स्पीकर कुठे लावणार? चाळीस जण दाटीवाटीने बसतात. त्यात ‘मधोमध’ बसणारा एकच असतो, आणि तो नेहमी फायनल इयरचा असतो. शिवाय भिंतीपलीकडे २१२ नंबरची खोली आहे. ५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. असा जाड आवाज भिंत फारसा अडवत नाही. सबमिशनच्या रात्री २१२ वाल्यांनी काय पाप केलंय? रेक्टर सरांनी एकदा सेट जप्त केला की ९,००० रुपये कपाटात आणि आपण परत टीव्हीच्या स्पीकरवर.

म्हणून माझी सूचना अशी. साधारण ६,००० रुपयांत दोनच चांगले, अँप्लिफायर आत असलेले लाकडी खोक्यांचे स्पीकर घ्यावेत. उरलेल्या पैशांत जाड पडदे आणि एक सतरंजी. मागच्या भिंतीला स्टोअरमधल्या दोन जुन्या गाद्या उभ्या केल्या तर फुकटात घुमारा कमी होईल. दुकानात जाताना तीन गोष्टी करा. खोक्यावरचा नाही, माहितीपत्रकातला आरएमएस आकडा वाचा. मागे किती इनपुट आहेत ते मोजा. आणि धडधडीचं गाणं लावू नका, ते दुकानदार लावतोच. बातम्या लावा, आवाज एकदम कमी करा आणि प्रत्येक शब्द कळतो का ते बघा. कमी आवाजात जो स्पष्ट बोलतो तो स्पीकर चांगला.

“मग दणका कसा बसणार?” असं माझा रूम पार्टनर विचारतो. प्रश्न बरोबर आहे. दणका कमी बसेल. गॅदरिंगला दणका हवा असेल तर एका रात्रीपुरता भाड्याने आणू, मी स्वतः टेम्पोत बसून येईन. पण उरलेल्या दिवसांत आपल्याला मॅच ऐकायची आहे, सिनेमातले संवाद कळायला हवे आहेत, आणि वॉचमन काकांना रात्री नऊच्या बातम्या. तेही बाहेर खुर्ची टाकून आपलाच टीव्ही ऐकत असतात, हे किती जणांनी बघितलंय?

पुढच्या रविवारी विंगची मीटिंग आहे. मी ते दोन जुने स्पीकर घरून घेऊन येतोय. (आजीची परवानगी काढली आहे, फक्त दोन दिवसांची.) ज्यांना फाइव्ह पॉइंट वन हवाय त्यांनी कुणाचा तरी आणावा. दोन्ही एकाच टीव्हीला लावू, लाइट बंद करू आणि हात वर करून मत देऊ. हरलो तर ‘आजोबा’ ही पदवी कायमची मान्य!