प्रतोदाचे मत, मतदाराचे मौन

१९६७ साली हरियाणातील आमदार गयालाल यांनी पंधरवड्याच्या आत वारंवार पक्ष बदलले आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग राजकीय परिभाषेत रुजला. या रोगावर १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. औषध जालीम खरे, पण त्याची मात्रा चुकली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले वा परवानगीविना मतदान टाळले आणि पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा केली नाही, तर सदस्यत्वच धोक्यात येते. मग विधेयक सिंचनाचे असो वा शिक्षणाचे, सदस्याने ते वाचण्याचे प्रयोजन काय? कोकणातील मच्छीमारांनी निवडून दिलेला आमदारही किनाऱ्याच्या प्रश्नावर प्रतोदाच्या मुखाकडेच पाहणार!

मतदानावरून येणारी अपात्रता विश्वास-अविश्वास ठरावांपुरतीच असावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचविले होते. ती शिफारस बासनात राहिली. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची पळवाट बुजवली; दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र राखली. म्हणजे एकट्याने सदसद्विवेकाला स्मरून मत दिले तर अपराध, घाऊक पक्षांतराला मात्र अभय!

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही, म्हणून काही आकाश कोसळलेले नाही. सरकारचे अस्तित्व आणि अर्थसंकल्प वगळता अन्य विधेयकांवर तीच मोकळीक देण्यास कोणता प्रत्यवाय आहे? तूर्त तर मतदाराला साधा हिशेबही मागता येत नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि मतविभागणी झाल्याखेरीज आपल्या प्रतिनिधीने कोणता कौल दिला, याची नोंदच उरत नाही.