दोन कान, दोन भाषा

टीव्ही ही बघायची वस्तू, अशी आपली पक्की समजूत. त्यामुळे त्याच्या आवाजाचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही. आपण गोमंतकीयांनी तर तो मुद्दाम ऐकायला हवा.

सुरुवात मोठी गमतीची आहे. १९५८ साली बीबीसीने स्टिरिओचे प्रयोग केले, तेव्हा एक बाजू रेडिओवरून आणि दुसरी टीव्हीच्या ध्वनीवरून सोडली. श्रोत्याने दोन्ही यंत्रे अंतर राखून मांडायची आणि मधे बसायचे! एकाच टीव्हीतून दोन्ही बाजू ऐकू यायला १९७८ उजाडले, तेही जपानमध्ये. पुढे १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीने आणि १९८४ मध्ये अमेरिकेने ती वाट धरली.

खरी गोष्ट पुढेच आहे. जपानी आणि जर्मन तंत्रज्ञांनी हा दुसरा ध्वनिमार्ग केवळ संगीतासाठी ठेवला नाही. परदेशी चित्रपट असला की एका मार्गावर मूळ संवाद, दुसऱ्यावर भाषांतर. प्रेक्षकाने बटण दाबून हवे ते निवडायचे. अमेरिकेने तर स्टिरिओखेरीज आणखी एक मार्ग दिला, त्यावर पुष्कळदा स्पॅनिश ऐकू येई. चित्र एक, भाषा दोन, भांडण नाही!

आणि आपण? मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले ते एकाच ध्वनिमार्गावर. क्रिकेटचे हिंदी आणि इंग्रजी समालोचन आळीपाळीने ऐकायची सवय आपल्याला लागली. पुढे दोन-दोन स्पीकरांचे टीव्ही घरी आले, पण स्टिरिओ म्हणजे दणदणाट, एवढेच आपण घेतले.

गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळाले. तरी आपला वाद अजून एकाच स्पीकरवर चालल्यासारखा वाटतो: एक बोलली की दुसरीने गप्प बसायचे. आजच्या डिजिटल प्रसारणात तर एका चित्रासोबत अनेक ध्वनिमार्ग पाठवता येतात. मग घुमट आरतीवरचा माहितीपट एकदाच चित्रित करावा आणि निवेदन दोन्ही भाषांत द्यावे. खर्च थोडा वाढेल, पण दोनदा चित्रीकरण करण्याइतका नक्कीच नाही. बुऱ्हाणपूरसारख्या हिंदी-मराठीच्या सीमेवरच्या गावांनाही हाच उपाय लागू पडेल.

घुमट, शामेळ आणि कासाळे आपापल्या जागेवरून वाजतात, म्हणून तर आरती रंगते. भाषांनाही तेवढी जागा द्यायला काय हरकत आहे?