हमी कुणाला, भुर्दंड कुणाला

१८६८ साली लंडनमध्ये ‘फॉरेन अँड कलोनियल गव्हर्नमेंट ट्रस्ट’ निघाला. बड्या सावकारांना जमते ते मध्यमवर्गीयालाही जमावे, म्हणून त्याची पुंजी अनेक देशांच्या सरकारी रोख्यांत विभागायची, ही त्यामागची कल्पना. आजचे म्युच्युअल फंड याच वंशातले. कसोटी लवकरच लागली. १८७५ मध्ये तुर्कस्तानने निम्मे व्याज तोडले, १८७६ मध्ये पेरू आणि इजिप्तने हात वर केले. ट्रस्ट मात्र तगला. विभागणीचे गणित खरे ठरले, असे म्हणायला गुंतवणूक सल्लागार मोकळे.

हे झाले अर्धे सत्य. उरलेले अर्धे असे की, धनकोंमागे सत्ता उभी होती. इजिप्तच्या तिजोरीवर त्याच वर्षी युरोपीय धनकोंचे मंडळ बसले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौजा उतरल्या. तुर्कस्तानात १८८१ पासून मीठ-तंबाखूचे उत्पन्न धनकोंचे स्वतंत्र खातेच वसूल करू लागले.

आपल्याकडे तर पैसा बुडण्याची सोयच ठेवली नव्हती. १८४९ च्या करारात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेच्या भागधारकांना ५ टक्क्यांची हमी मिळाली. तूट पडली तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावली, तोवर पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले होते. त्यांना कसली हमी? विल्यम मॅसी हे हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य. १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनीच सांगून टाकले की, ५ टक्के मिळताहेत तोवर पैसा विटा-चुन्यात गेला काय नि हुगळीत फेकला काय, इंग्रज भांडवलदाराला सारखेच. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनचा शेतकरी देशोधडीला लागला, तेव्हाही ही हमी अबाधित होती.

आज ठाण्या-पुण्यातला पगारदार अमेरिकी शेअरचा फंड घेतो. योग्यच करतो, सारी पुंजी एका देशात ठेवू नये. पण त्याच्या पाठीशी ना हमी, ना आरमार. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेऊ दिले, आता अडीच लाख. दाराची कडी तिच्याच हाती. म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीची एकत्रित ७ अब्ज डॉलरची मर्यादा २०२२ च्या सुरुवातीला भरत आली, तेव्हा अनेक परदेशी योजनांनी नवे पैसे घेणेच थांबवले. दार पलीकडूनही बंद होते. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर मॉस्कोचा शेअर बाजार बंद झाला. मार्चमध्ये शेअर निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआयने रशियाला आपल्या निर्देशांकांतून काढले, तेही जवळपास शून्य भावाने. तिथल्या तेल कंपन्या चालूच होत्या. परदेशी भागधारकाला मात्र शेअर विकता येईना.