म्हादईच्या वाघांसाठी : गोवा सरकारला खुले पत्र

प्रति,
मुख्यमंत्री आणि वनमंत्री,
गोवा शासन, पणजी

गोव्यात शिकारीला बंदी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार फास लावणे आणि विष घालणे हीसुद्धा शिकारच. ही बंदी अभयारण्यापुरती नसून सरकारी डोंगर, कोमुनिदादीच्या (गावसमूहाच्या) जमिनी आणि खासगी बागायतींनाही लागू आहे. वाघ, बिबटा किंवा गवा मारणाऱ्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कायदा कडक आहे, अंमल ढिला आहे.

फास लागतो तो बहुधा रानडुकरासाठी. कुंपणाला जिथे भगदाड असते तिथे दुचाकीच्या क्लचची तार सरकत्या गाठीने झाडाच्या बुंध्याला बांधतात. त्याच वाटेने बिबटा आला की तार त्याच्या कमरेला आवळते. तो जितका ओढतो, तितकी ती आत रुतते.

वाघाचीही यातून सुटका झालेली नाही. २००९ मध्ये सत्तरीतील केरीच्या परिसरात वाघाची शिकार झाली. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी म्हादई व्याघ्र प्रकल्पासाठी राज्याला पत्र लिहिले. प्रकल्प झाला नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतीलच गोळावलीत विषबाधेने एक वाघीण आणि तिचे ३ बछडे मेले. गोव्यातले वाघ नुसते येऊन-जाऊन असतात, असे सरकार सांगत आले. बछड्यांसह राहणारी वाघीण वाटसरू नसते.

२४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ३ महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. शिकारविरोधी छावण्या उभारण्यास आणि वननिवासींच्या हक्कांचे दावे निकाली काढण्यासही सांगितले. अधिसूचना काढण्याऐवजी सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. वननिवासींच्या विस्थापनाची भीती हे त्याचे कारण सांगितले जाते. ती भीती खरी असेल, तर हक्कांचे दावे आधी निकाली काढणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. तेही काम सरकारचेच.

म्हादई अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे आहे, पण जनावरे त्या हद्दीत थांबत नाहीत. डिचोली आणि पेडणे तालुक्यांत एकही अभयारण्य नाही, मात्र दोन्ही तालुके महाराष्ट्रातील दोडामार्ग तालुक्याला लागून आहेत. तिथे महाराष्ट्राने २०२० मध्ये २९.५३ चौरस किलोमीटरचे तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार हा हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला आणि शेती-बागायतीची नासाडी झाली. भरपाई वेळेत मिळाली नाही, की शेतकऱ्याचा हात फासाकडे आणि विषाकडे वळतो. नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून वन्यजीव वाचणार नाहीत.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. म्हादई व्याघ्र प्रकल्पाला असलेला आपला विरोध सरकारने मागे घ्यावा. वननिवासींचे दावे मुदत ठरवून निकाली काढावेत. डिचोली आणि पेडण्यात फास शोधणारी कायमस्वरूपी गस्त सुरू करावी. पीक आणि गुरांची भरपाई पंचनाम्यानंतर ठरलेल्या दिवसांत थेट खात्यात जमा व्हावी. शिकारीच्या प्रत्येक गुन्ह्याचा तपास कुठवर आला, हे दरवर्षी विधानसभेत मांडावे. गोळावलीत मेलेल्या चार वाघांचे उत्तर सरकारकडून अजून येणे आहे.